चार नंबरच्या भट्टीतली सळी

उष्णता मोजायची नवी तार आणि जुनी तार एकाच भट्टीत शेजारी शेजारी घातल्या आणि दोघींचे आकडे जुळेनात, तेव्हा गुणाजी पालवने आधी संशय घेतला तो नव्या तारेवर. जुनी तार त्याच्या स्वतःच्या हातची होती. माणूस आपल्या हातच्या कामावर सगळ्यात शेवटी संशय घेतो.

जुनी सांगत होती, पाचशे पन्नास अंश. नवी सांगत होती, पाचशे सत्तावन्न. गुणाजीने भट्टी तासभर तशीच राहू दिली. जोड पुसले, पुन्हा आवळले. मग रिळावरून आणखी एक कोरा तुकडा कापून घातला. तोही सत्तावन्नच म्हणाला.

"काय पालव, चारचं काय अडलंय?" जयवंत कोरगावकरने टेबलावरूनच विचारलं. तो प्रयोगशाळेचा नवा इनचार्ज, तिशीतला, सगळ्या कामांची एकदम घाई असलेला.

"जुनी वायर सात डिग्री कमी दाखवतेय, साहेब."

"मग फेका ना ती! आता नवी रिळं आलीयत झकास. म्युझियम काढायचंय का इथे?"

गुणाजी हसला नाही. त्याने जुनी तार ओढून बाहेर काढली, गार होऊ दिली आणि कागदात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवली. मग बराच वेळ तो भट्टीच्या बंद तोंडाकडे बघत उभा राहिला. चार नंबरची भट्टी अडीच वर्षं कोणी पेटवली नव्हती. तिच्यात शेवटची जी सळी टांगली होती ती आठल्ये साहेबांची. आणि ती सळी टांगली तेव्हापासून तुटेपर्यंत भट्टीत हीच तार होती.

मुलुंडला, लाल बहादूर शास्त्री रस्त्याला लागून, बॉयलरच्या नळ्या बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मागच्या अंगाला ही प्रयोगशाळा. गुणाजी तिथे अठ्ठावन्न साली लागला, आणि आता पंच्याऐंशी संपत आलं होतं. काम ऐकायला सोपं. पोलादाची बोटाएवढी सळी भट्टीत उभी टांगायची, खाली तराजूच्या दांडीला ठरलेलं वजन लावायचं, भट्टी ठरलेल्या उष्णतेवर ठेवायची आणि वाट बघायची. तापलेलं पोलाद त्या वजनाखाली हळूहळू लांबत जातं. डोळ्यांना काही दिसत नाही. दिवसभरात केसाच्या जाडीच्या कितव्या तरी हिश्शाएवढं. पण ते थांबत नाही, आणि एक दिवस तुटतं. ह्याला सगळे क्रीप म्हणत. बॉयलरची नळी किती वर्षं टिकेल हे सांगायचं तर ही सळी किती तासांनी तुटेल ते आधी कळायला हवं.

आता नळी टिकायला हवी वीस-वीस वर्षं. तेवढं थांबायला कोणाला सवड असणार? म्हणून सळी जास्त तापवून लवकर तोडायची आणि त्यावरून कमी उष्णतेवरचं आयुष्य गणिताने काढायचं. मार्तंड आठल्ये ह्या गणितातले. उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारे. कारखान्याने नवं पोलाद काढलं तेव्हा त्यांनी चौदा सळ्या तोडल्या आणि लिहून दिलं, की पाचशे पन्नास अंशांवर, अमुक वजनाखाली, हे पोलाद तीस हजार तास टिकेल. वर्क्स मॅनेजर म्हणाले, सिद्ध करा. साहेब म्हणाले, करतो. एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये चार नंबरच्या भट्टीत सळी टांगली गेली. तीस हजार तास म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षं.

रोज सकाळी सात वाजता गुणाजी भिंगातून डायल बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. रविवारीही यायचा. गणपतीत गावी गेला नाही, सलग दोन वर्षं. साहेब साडेआठला येत, आधी वही उघडत, मग चपला काढत.

वर्षभरातच दिसायला लागलं की सळी हिशेबापेक्षा भरभर लांबतेय. साहेब सकाळी लवकर येऊ लागले. शेवटी त्र्याऐंशीच्या एप्रिलमध्ये, अठरा हजार सहाशे वीस तासांनी, सळी तुटली. वजन खालच्या वाळूच्या पेटीत पडल्याचा धप्प आवाज झाला तेव्हा गुणाजी शेजारच्या भट्टीपाशी होता. त्याने घड्याळ बघून वेळ लिहिली. आकडा नीट काढला.

साहेबांनी सगळं तपासून घेतलं. वजनं पुन्हा तोलली. तारही काढून, छोट्या तपासणीच्या भट्टीत पुरती आत सारून बघितली. तिथे तिने अचूक आकडा दाखवला. मग ती पुन्हा चारमध्ये लावली आणि भट्टी बंद केली. पोलाद वाईट, नाहीतर गणित चुकलं, दोन्हीपैकी एक. मीटिंगमध्ये वर्क्स मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "आठल्ये, तुमची सळी तुमच्याआधी रिटायर झाली हो!" सगळे हसले. पोलाद बाजूला पडलं. साहेबांना खरेदी खात्यात टेबल दिलं. तिथे ते चार महिने बसले आणि राजीनामा देऊन घाटकोपरला घरी गेले. नोकरीची सहा वर्षं शिल्लक होती.

आणि आता ही सात अंशांची भानगड.

ती कशी झाली हे गुणाजीला त्या क्षणीच कळलं होतं. ते कबूल करायला मात्र वेळ लागला. भट्टीतली उष्णता मोजायची ही तार परदेशातून यायची. त्या काळात आयातीचा परवाना मिळता मिळत नसे. म्हणून सगळेच जपून वापरत. भाजून काळं पडलेलं टोक कापायचं, उरलेल्या तारेला नवा जोड मारायचा आणि पुन्हा लावायची. गुणाजीचा जोड मोत्यासारखा यायचा. साहेबांनी मात्र चार नंबरसाठी बजावून ठेवलं होतं, "पालव, हिला कोरी तार हं. लांबची टेस्ट आहे." रिळावर उरली होती दोन हात. गुणाजीला वाटलं, साहेबांची पुढची टेस्ट आली तर काय करायचं? ती दोन हात त्याने साहेबांसाठीच राखून ठेवली, आणि चारमध्ये घातली जोडलेली. सांगायचं राहिलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही त्याला वाटलं नाही.

एकदा भाजलेली तार टोक कापून बरी होत नाही. भट्टीच्या तोंडाशी, जिथे आतली धग संपून बाहेरचा गारवा लागतो, तिथे असा भाजका भाग आला की ती चुकीचं सांगते. आणि तीच पुरती आत सारली की बरोबर बोलते. हे साहेबांनीच कधीतरी फळ्यावर काढून समजावलं होतं. गुणाजीने मान डोलावली होती. त्याला वाटलं होतं, ते कच्चे जोड मारणाऱ्यांबद्दल आहे.

घरी, भांडुपच्या चाळीत, शेवंतीने ताट वाढलं आणि त्याचा चेहरा बघून समोरच बसली. नवऱ्याने सगळं सांगितल्यावर तिला तार आणि जोड फारसं कळलं नाही, पण बाकी कळलं.

"ह्या तुमका कोणी इचारल्यानी काय?"

"नाय."

"मग गप रव्हा. तो माणूस आता खंय हसाक लागलो. तेची बायको वसुधाताय माका सांगी होती. तुम्ही जावन तेच्यार पाणी ओतशात."

"तेंचा पयला गणित बरोबर होता गो. ता तेंका कळूक नको?"

"कळान काय करतले? नोकरी परत गावतली?"

शेवंतीला ठाऊक नसलेली एक गोष्ट गुणाजीला ठाऊक होती, आणि ती ह्याहून वाईट होती. साहेब घरी बसून नुसते बसले नव्हते. ती सळी लवकर का तुटली ह्याचं उत्तर ते दोन वर्षं शोधत होते. आणि त्यांना ते सापडलं होतं. दहा हजार तासांनंतर ह्या पोलादाच्या आत काहीतरी बदलतं, ते आतून मऊ पडतं, आणि म्हणून जुनं गणित तिथून पुढे चालत नाही, असं ते उत्तर. त्यावर त्यांनी नवं सूत्र बसवलं होतं. ते सूत्र उभं होतं एकाच आकड्यावर, अठरा हजार सहाशे वीस. गेल्याच आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं होतं. पवईच्या इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारीत मोठी परिषद आहे, त्यात माझा निबंध घेतला आहे, रविवारी चहाला या, तुम्हाला दाखवायचा आहे.

म्हणजे गोष्ट अशी होती. सांगितलं, तर साहेबांचं पहिलं गणित खरं ठरत होतं आणि दोन वर्षांचं काम मातीत जात होतं. नाही सांगितलं, तर साहेब पवईला चार लोकांसमोर उभे राहून एक खोटी गोष्ट खरी म्हणून सांगणार होते. गुणाजीने चार दिवस दोन्ही बाजू घोळवल्या. कोणतीही धरली तरी दुसरी टोचायची. रविवारी निघताना त्याने कागदात गुंडाळलेली तार खिशात घातली, जिना उतरला, परत वर आला, ती फडताळात ठेवली आणि पुन्हा खिशात घातली. शेवंती बघत होती.

घाटकोपरला दार साहेबांनीच उघडलं.

"या, या पालव! अहो, बघा कोण आलंय," त्यांनी आत हाक मारली. गुणाजीने त्यांना एवढं मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

वसुधाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "बरं झालं आलात. सकाळपासून चार वेळा गॅलरीत जाऊन बघून झालं. आता निदान माझं डोकं सोडतील. मला पोळ्या लाटताना ग्राफ दाखवतात हो!"

"हिला कळतो ग्राफ. कळत नाही असं दाखवते."

"कळतो ना. वर जातो नि खाली येतो."

साहेब मनापासून हसले. खोलीत पलंगावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर कागदच कागद होते. साहेबांनी खुर्चीवरचे उचलून गुणाजीला बसवलं आणि टंकलेला निबंध त्याच्या हातात दिला. सगळं इंग्रजीत. गुणाजीने पानं उलटली. आकृती त्याला ओळखता आली. त्याच्याच वहीतले आकडे होते, एकामागोमाग एक टिंबं, आणि शेवटी एक फुली.

"शेवटचं पान बघा," साहेब म्हणाले. मग धीर न धरवून त्यांनीच बोट ठेवलं. "इथे. आभार. श्री. गु. भि. पालव ह्यांनी पंचवीस महिने, एकही दिवस न चुकता घेतलेल्या निर्दोष नोंदींशिवाय हे काम झालं नसतं. असं लिहिलंय. तुमचं नाव आता परदेशातसुद्धा जाईल."

गुणाजीने आपलं नाव छापल्यासारखं असं कधी बघितलं नव्हतं. लग्नपत्रिकेत होतं, तेवढंच. तो त्या ओळीकडे बघत राहिला.

पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला विचारत राहिला, की तेव्हा आपण तोंड उघडलं ते साहेबांसाठी, की त्या ओळीखाली आपलं नाव बघवेना म्हणून.

"साहेब, नोंदी बरोबर आहेत," तो म्हणाला. "भट्टी चुकीची होती."

"म्हणजे?"

त्याने खिशातून तार काढून टेबलावर ठेवली, आणि सगळं सांगितलं. परवानगी न घेता जोडलेली तार घातली हे, कोरी राखून ठेवली हे, मंगळवारी दोन्ही शेजारी लावून बघितल्या हे. सांगताना तो तारेकडे बघत होता.

वसुधाताई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

साहेबांनी तार उचलली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली, नखाने जोडापासून मागे मागे चाचपत गेले. एका ठिकाणी थांबले.

"किती म्हणालात? सात?"

"सात. दोन नव्या लावून बघितल्या."

"प्लस सात. म्हणजे पाचशे सत्तावन्न." ते खुर्चीत बसले. निबंधाचं पहिलं पान उलटं करून त्यांनी पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने आकडे मांडले. लॉगचं पुस्तक ओढून पान काढलं. खोलीत पेन्सिलीचाच आवाज होता. गुणाजीला तो आवाज ओळखीचा होता. प्रयोगशाळेत साहेब हिशेब करायचे तेव्हा तो शेजारी असाच उभा राहायचा.

"सत्तावन्नवर, जुन्या सूत्राने, अठरा हजार सहाशे पन्नास," साहेब म्हणाले.



"तुटली सहाशे वीसला. तीस तासांचा फरक." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. पंचवीस वर्षांत गुणाजीने तसा चेहरा दोन-तीनदाच बघितला असेल. "पालव, जुनंच सूत्र बरोबर होतं! एवढं बरोबर खरं तर येत नसतं. थोडा योगायोग आहे. पण बरोबर होतं हो. तीस हजार टिकली असती."

"होय साहेब."

"वसुधा, टिकली असती ती."

"हो," वसुधाताई म्हणाल्या. त्यांनी ट्रे तसाच धरून ठेवला होता. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या, पलंगावरच्या कागदांकडे बघत होत्या.

साहेबांनीही मग तिकडे बघितलं. पलंग, टेबल, खिडकीचा कट्टा. ते उजळलेलं काहीतरी हळूहळू विझत गेलं, आणि ते विझताना गुणाजीला समोर बसून बघावं लागलं.

"दहा हजार तासांनंतर काही बदलत नाही तर," साहेब म्हणाले. "मीच बदलवलं ते. मला दिसायलाही लागलं होतं, मायक्रोस्कोपखाली. खरंच दिसत होतं मला."

"साहेब, तुम्ही मॅनेजर साहेबांना पत्र लिहा. मी सही करतो. माझ्या हातून झालं असं मी स्वतः लिहून देतो. मला रिटायरला दोनच वर्षं आहेत, काढलं तर काढलं."

"पोलादाचं आता काय करणार ते? दुसरं घेतलं त्यांनी." साहेबांनी कोरा कागद पुढ्यात घेतला. "पवईला मात्र कळवायला हवं. आजच. छापायला जायच्या आत."

ते इंग्रजीत लिहू लागले. चार ओळी. गुणाजीने विचारलं, "माझं नाव घातलंत ना?"

"त्यात तुमचं नाव कशाला? प्रयोग माझा होता. तार कोणती घातली हे मी बघायला हवं होतं. बघितलं नाही."

"पण घातली मी."

"पालव." साहेबांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "माझ्यासाठी राखून ठेवलीत ना ती दोन हात तार? मग झालं तर."

चहा गार झाला होता. गुणाजीने तो तसाच प्यायला, कारण वसुधाताईंनी आणला होता. साहेब निबंधाची पानं जुळवत होते, कडा आपटून नीट करत होते, जणू ती आता कुठे पाठवायची असावीत. टाचणी टोचून झाली. मग ते आभाराच्या पानापाशी पुन्हा थांबले आणि त्यांनी ते झाकलं.

गुणाजी उठला. दारापर्यंत साहेब आले. चपला घालून होईतो ते त्याच्या खांद्याकडे बघत उभे होते.

"सांगितलंत ते योग्य केलंत," ते म्हणाले. "मीही तेच केलं असतं. आता काही दिवस मात्र येऊ नका."

"बरं."

गुणाजी दोन पायऱ्या उतरला आणि वळला. विचारू नये असं त्याला वाटत होतं, तरी त्याने विचारलं.

"किती दिवस, साहेब?"

साहेबांनी खरोखर विचार केला. डोळे बारीक करून, वही बघताना करायचे तसे.

"ते मला नाही सांगता येणार," ते म्हणाले, आणि आत गेले. दार त्यांनी लगेच लावलं नाही. गुणाजी खालच्या मजल्यावर पोचला तेव्हा कडीचा आवाज आला.